मयताचं काम

माले, मंगळवार, ८ एप्रिल

राजू,

पत्रात वर आशीर्वाद लिहायचा असतो. पण तू माझा आशीर्वाद घेशील का न्हाई ह्याची खात्री न्हाई, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडलीया. घ्यायचा असंल तर तूच भर.

फोन तू उचलत न्हाईस. उज्वलाच्या फोनवरनं केला तर माझा आवाज ऐकला की ठेवून देतोस. बायकोच्या फोनवरनं चोरून भावाला फोन करायचा, हे काय माझं वय हाय का? म्हणून हा कागद. जीपवाल्याकडं देतोय. भुकूमला तुझ्या सोसायटीच्या गेटावर आणून देईल. तू तितं वॉचमन लोकांचा सुपरवायझर झालास असं कानावर आलं. बरं वाटलं. शिट्टी मारायची हौस तुला पयल्यापासनंच.

बातमी अशी, की यंदा जत्रंला नाटक हाय. व्हय, अकरा वर्षांनी. मी म्हणत होतो न्हाई, पण पोरं ऐकंनात. कोळवणात मनीष म्हणून एका पुण्याच्या माणसानं शेतघर घेतलंय. दिवसभर कॉम्प्युटरवर काम आन् उरल्या येळात नाटकाचं याड. त्यानंच लिहिलंय, 'मयताला उचकी'. विनोदी, खुनाचं. बापूसाहेब नावाचा बडा माणूस साठाव्या वाढदिवशी स्वतःच्या फार्महाऊसवर मरून पडतो, आन् पुढचे तीन अंक इन्स्पेक्टर ज्याला त्याला धरून इचारतो, खून कुणी केला. खुनी कोण हे मनीषनं आजून कुणालाच सांगितलेलं न्हाई. शेवटचं पान त्याच्या खिशात. त्यामुळं तालमीत जो तो आपणच खुनी असल्यासारखा बावचळून बोलतोय.

माझं काम इचार की. न्हाई इचारणार तू. मयताचं! साठीच्या माणसाला दुसरं काय देणार म्हणे. पयल्या अंकात पडदा उघडतो तवा मी खाटंवर मेलेला, आन् तिसऱ्या अंकात पडदा पडतो तवा बी मेलेलाच. एक वाक्य न्हाई. ज्यानं तीस वर्षं ह्या गावाची नाटकं बसवली, त्यानं आता श्वास धरून पडून ऱ्हायचं.

इन्स्पेक्टर आजून मिळालेला न्हाई. मनीष म्हणतो, नाही मिळाला तर मी करतो. पण ते काम तुझं हाय. टोपी काखेत मारून तू नुसता आत आलास तरी माणसं हसायची. ये. शनिवारी, १९ला प्रयोग हाय, दहा दिवसांत तुझं पाठ होईल.

त्या दिवसाचं तुझ्या मनात हाय, ठाऊक हाय मला. अकरा वर्षांमागं जत्रंच्या नाटकात आईनं घरात जीव सोडला आन् तू स्टेजवर इन्स्पेक्टरच्या कपड्यांत लोकांना हसवत होतास. पण मला तरी कुटं ठाऊक होतं? पडदा पडला, शेजारची आंबाबाई विंगेत आली, तिनं सांगितलं, तसा मी तुला सांगितलं. शंभर येळा बोलून झालंय हे. आंबाबाई आज असती तर तिनं बी हेच सांगितलं असतं.

ये रं.

दादा

*

माले, रविवार, १३ एप्रिल

राजू,

पत्र परत आलं. जीपवाला म्हणला, "साहेबांनी हातात घेतलं, अक्षर बघितलं आन् परत दिलं. म्हणले, जितनं आणलंस तितंच परत न्हे." शाब्बास. माझं अक्षर तरी वळखतोस.

तरी लिहितोय. आता धाडायचं न्हाई, त्यामुळं जपून लिहायचं बी कारण न्हाई. चार दिवस डोळ्याला डोळा लागंना. घरात बसलो तर उज्वला म्हणती अंगणात जा, अंगणात फिरलो तर म्हणती घरात या, बघून चक्कर येती. माणसानं करायचं काय?

तालीम देवळामागच्या शाळेत चाललीया. मयताचं काम सोपं असंल असं तुला वाटंल. करून बघ! नाक खाजवायचं न्हाई, माशी बसली तर बसू द्यायची, आन् शेजारी माणसं हसण्यासारखं बोलत असताना पोट हलू द्यायचं न्हाई. मनीष म्हणतो, "काका, तुम्ही फार जिवंत दिसताय." आता ह्यावर काय बोलावं?

त्यात आपला म्हसू. धनगरवाड्यावरचा, आठवतोय न्हवं? त्याला बंगल्याच्या राखणदाराचं काम दिलंय. मनीष इन्स्पेक्टर होऊन प्रत्येकाला तेच तीन प्रश्न इचारतो. मयताशी नातं काय, त्याला शेवटचं कवा बघितलं, खून झाला तवा कुटं होतास. म्हसूला लिहून दिलंय, "मी विहिरीवर होतो." पण खोटं बोलायचं म्हटलं की त्याची जीभच उचलत न्हाई. तो छातीवर हात ठेवून सांगतो, "साहेब, आईच्यान् सांगतो, मी पांढरीच्या माळावर मेंढरं घिऊन होतो. माझ्यासंगं कुत्रं होतं, त्याला इचारा." मनीषनं कपाळावर हात मारला. मग म्हणला, असू दे, हेच ठेवू. आता लोकं त्याच्यावरच लई हसणार. खोटं न बोलता नाटक करणारा गडी मी पयल्यांदाच बघितला.

मला त्याचा हेवा वाटला. का वाटला, हे लिहीत न्हाई.

दुसरं एक लचांड. जाहिरातीला मनीषनं फ्लेक्स केलाय. माझा फोटो, भगवा फेटा बांधलेला, वर चंदनाचा हार, दोन बाजूंना समया, आन् ठळक अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली एक काळी पट्टी, तिच्यावर 'खून कुणी केला? शनिवार दि. १९, संध्याकाळी सात, माले. तीन अंकी विनोदी नाटक'. पौडाच्या चौकात लावायचा. पोरं हसून हसून लोळली. उज्वलानं मात्र तो मोबाईलवर बघितला आन् ताट आपटलं. "जित्या माणसाच्या फोटूला हार घालत्यात का कुटं? इपरीत करू नका." मी म्हणलो, अगं, खाली लिहिलंय की नाटक हाय म्हणून. ती म्हणली, लोकं वरचं वाचत्यात, खालचं न्हाई.

दादा

*

माले, बुधवार, १६ एप्रिल

राजू,

मी मेलोय. तुला कळवायचं ऱ्हायलं.

सोमवारी फ्लेक्स लागला. मंगळवारी सकाळी कुणा युवा नेते अण्णासाहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्याच बांबूला, माझ्या फ्लेक्सच्या खालच्या निम्म्यावर ताणून बांधला. झालं! खालची काळी पट्टी, शनिवार, सात, विनोदी नाटक, सगळं झाकलं. वर उरलो मी, हार, समया आन् भावपूर्ण श्रद्धांजली. माझ्या खाली अण्णासाहेब काळा चष्मा घालून हात जोडून उभे.

मग काय, मंगळवारी दुपारपासनं माणसांची रीघ. मी वट्यावर बसून दाढी करत होतो, गालाला फेस. कोळवणची सगुणाबाई मावशी, आईची मामेबहीण, जीपमधनं उतरली ती बांधावरनंच गळा काढत आली, "आरं माझ्या कुशाबाऽऽ, मला सोडून कसा रं गेलास!" मागं दोन सुना, डोक्यावर भाकरीची पाटी आन् कालवणाचं पातेलं. दुखवट्याच्या घरात चूल पेटत न्हाई म्हणून कडू घास घिऊन आल्या होत्या बिचाऱ्या. मी उभा ऱ्हायलो. म्हणलो, "मावशी, बस की, दाढी उरकतो." म्हातारीनं मला डोक्यापासनं पायापर्यंत बघितलं, पायातली चप्पल काढली आन् खांद्यावर अशी हाणली की आजून वळ हाय. "मेल्या, जिता हायस आन् मला रडवतोस व्हय!" मग गळ्यात पडून परत रडली. मग आमी सगळ्यांनी मिळून माझा कडू घास खाल्ला. कालवण झकास होतं.

संध्याकाळपतुर सतरा घरची माणसं येऊन गेली. काहीजण हसले, काहीजण चिडले. एकजण तर घरात येऊन मला जिता बघून म्हणला, "आरंरं, म्हणजे उगाच आलो." मी मनीषला म्हणलो, तो दुसरा फ्लेक्स काढा. तो म्हणतो, "काका, फुकटची पब्लिसिटी चाललीये." आन् पोरं म्हणत्यात, अण्णासाहेबांच्या फ्लेक्सला शुक्रवारी वाढदिवस होईपतुर हात लावला तर जत्रंत डोकी फुटतील. म्हणजे शुक्रवारपतुर मी मेलेलाच.

सगळी आली, राजू. ज्यांच्याशी बांधावरनं भांडणं झाली ती आली. ज्यानं माझ्या म्हशीला दगड मारला होता तो आला, आन् त्याचे डोळे ओले होते.

तू आला न्हाईस.

तुला दिसला नसंल, असं मी मनाला सांगतोय. पण भुकूमहून पौड किती लांब? रोज कोण ना कोण येतं-जातं. गाडीचा आवाज आला की मी उठून बांधापतुर जातोय. उज्वला म्हणती, "कुणाची वाट बघताय?" मी म्हणतो, कुणाची न्हाई, पाय मोकळे करतोय. काल असे नऊ येळा पाय मोकळे केले.

भाऊ मेला तरी माणूस येत न्हाई? एवढा राग? तुझ्या जागी मी असतो तर आलो असतो. शिव्या द्यायला का हुईना, आलो असतो.

दादा

*

माले, गुरुवार, १७ एप्रिल

राजू,

काल लिहिलेलं मी मागं घेतो.

आज सकाळी उज्वला गोठ्यात होती. तिचा फोन चुलीजवळ वाजला. शुभांगीचं नाव. अकरा वर्षांत दोघी जावा आपल्याला न सांगता बोलत असतील, मला ठाऊक हाय, मी कदी इचारलं न्हाई. पण आज फोन मी उचलला. मी काय बोलायच्या आत ती रडायलाच लागली. "ताई, भाऊजी गेले आन् आमाला कळवलं बी न्हाई? आमी एवढे परके झालो?" मग सांगत सुटली. तू परवा, मंगळवारी, सोसायटीच्या कामाला पौडाला आला होतास. चौकात फ्लेक्स बघितलास. कुणाला काय इचारलं न्हाईस. तसाच खाली नदीवर गेलास, घाटावर न्हाव्यापुढं बसलास आन् डोकं, मिशी, सगळं भादरून घेतलंस. एकट्यानं. थंड पाण्यात बुडी मारून ओल्या कपड्यानं घरी गेलास आन् शुभांगीला म्हणलास, "दादा गेला. आईच्या टायमाला बी मला उशिरा सांगितलं, दादाच्या टायमाला सांगितलंच न्हाई." तवापासनं जेवत न्हाईस, भिताडाकडं तोंड करून बसलायस. तिनं इकडं चल म्हणलं तर म्हणलास, बोलावलं न्हाई त्या दारात जाणार न्हाई, दहाव्याला नदीवर लांबनं उभा ऱ्हाईन.

ती म्हणत होती, "ताई, काय तरी बोला की."

मी एक शब्द बोललो न्हाई. "शुभांगी, मी कुशाबा बोलतोय, मी जिता हाय, नाटक हाय गं ते," एवढं म्हणायला किती येळ लागतो? फोन कानाला होता. श्वास धरला होता. तालीम चांगलीच अंगवळणी पडलीया. मग फोन बंद केला. उज्वला आली तर तिला सांगितलं, पाण्याच्या पिपात पडला. ती कपाळाला हात लावून म्हणली, तांदळात ठेवा, सुकंल. आता तो तांदळाच्या डब्यात हाय. चांगलाच हाय, नुसता बंद हाय.

का केलं? दुपारपासनं स्वतःलाच इचारतोय. मनीषसारखं, टोपी घालून.

खरं सांगू का? मला बरं वाटलं. लाज वाटती लिहायला, पण बरं वाटलं. अकरा वर्षं मी तुझ्या दारात कुत्र्यासारखा उभा होतो आन् तू बघितलं न्हाईस, आन् मी मेलो तर तू मिशी उतरवलीस. जित्या दादावर तुझा राग हाय, मेलेल्यावर न्हाई. मी बोललो असतो तर काय झालं असतं? तू डोक्यावरनं हात फिरवला असतास, आणखी एक शिवी हासडली असतीस, आन् मी परत पयल्यासारखा जिता झालो असतो. म्हणलं, दोन दिवस मेलेलं ऱ्हाऊ. शनिवारपतुर. तुझ्या मनात दोन दिवस तरी चांगला ऱ्हाऊ.

तू उपाशी हायस हे ठाऊक असून मी हे केलं. मघाशी दोन भाकरी खाल्ल्या.

आन् आता एवढं लिहिलंच हाय तर ते बी लिहितो. आंबाबाई पडदा पडल्यावर आली न्हवती. दुसरा अंक चालू होता. तू टोपी उलटी घालून खुर्चीवर चढला होतास, माणसं मंडपात लोळत होती. ती विंगेत आली, माझी बाही धरली आन् म्हणली, "कुशा, वैनी गेल्या." मी तिला म्हणलो, "अंक होऊ दे." अंक झाला, मग म्हणलो, "नाटक होऊ दे." तिला घरी धाडली, पाणी तापवायला. मग तिसऱ्या अंकाची घंटा मीच दिली. तू मिशी न काढता, तोंडाच्या रंगासकट आईच्या पायावर पडलास, आन् चुलीवरचा पाण्याचा हंडा बघितलास. एवढं पाणी असं घटकेत तापत न्हाई. तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणलो, मला बी आत्ताच कळलं. देवाशप्पत म्हणलो, आईच्या उशाशी बसून.

लोकं म्हणत्यात, कुशाबाला गावच्या जत्रंची इज्जत होती, म्हणून नाटक थांबवलं न्हाई. मी बी तसंच सांगत आलो. खोटं हाय. नाटक लई रंगलं होतं, राजू. तसं रंगलेलं नाटक मी कदी बसवलं न्हवतं. मला ते मोडवेना. बास, एवढंच.

हा कागद धाडणार न्हाई.

*

माले, रविवार, २० एप्रिल

राजू,

तू सकाळी सातच्या गाडीनं गेलास आन् आता अकरा वाजल्यात. चार तास झाले मी ह्या कागदापुढं बसतोय आन् उठतोय. तुला सगळं ठाऊक हाय, तू तितंच होतास. पण तू उभा होतास, मी आडवा होतो. माझ्या बाजूनं काय झालं ते सांगतो.

काल नारळ फुटला, घंटा झाली, पडदा उघडला. देवळापुढचं पटांगण खचाखच भरलेलं. फ्लेक्सची कृपा! मेलेला कुशाबा बघायला चार गावची माणसं आली होती. मी डोळे मिटून खाटंवर, पोटावर फुलं. पयला अंक नीट गेला. दुसऱ्यात म्हसूनं मेंढरांचं सांगितलं, लोकं खुर्च्यांवरनं पडायची बाकी होती. आन् मग हसणं एका बाजूनं बंद पडत गेलं. मला दिसत न्हवतं. फळ्यांवर पाय वाजले. तालमीत नसलेले पाय. मला वाटलं, पोरगं कुणाचं तरी चढलं.

मनीषला काय ठाऊक तू कोण? त्याला वाटलं, गावातल्या कुणीतरी आयत्या येळी काम घातलं. त्यानं इन्स्पेक्टरचा आवाज सोडला न्हाई. "आपण कोण?"

"मयताचा भाऊ."

मी तुझा आवाज वळखला आन् माझ्या पोटावरची फुलं हलली. लोकं हसली. टकलावर हसली असतील. मागनं कुणीतरी म्हणलं, "आरं, हा तर राजू!" आन् मग कुणी हसलं न्हाई.

मनीषनं इचारलं, "मयताला शेवटचं कधी पाहिलंत?"

"अकरा वर्षं झाली."

"आणि खून झाला तेव्हा कुठे होतात?"

मी खाटंची दोरी मुठीत धरली होती. मग तू म्हणलास, "हितंच होतो, साहेब. ह्याच फळ्यांवर. अंगात तुमच्यासारखीच खाकी होती. घरात आई जात होती आन् मी टोपी उलटी घालून नाचत होतो." तुझे पाय खाटंजवळ आले. तू वाकलास. तुझ्या अंगाला घाम आन् रस्त्याच्या धुळीचा वास होता. तू इचारलंस, लोकांना ऐकू जाणार न्हाई एवढ्या हळू, पण त्या मेल्या माईकनं सगळं गावाला ऐकवलं, "दादा, तुला कवा कळलं होतं?"

मी तीन अंक मुक्या मयताचं काम घेतलं होतं. डोळे मिटलेलेच ठेवले. उघडून सांगायची छाती झाली न्हाई. म्हणलो, "दुसऱ्या अंकात."

मयत बोललं म्हणून मागच्या बाजूला दोन पोरं फिदीफिदी हसली. त्यांच्या पाठीत कुणीतरी रट्टा घातला, तो आवाज आला.

मला वाटलं तू जाशील. न्हाईतर माझ्या तोंडात देशील, दिली असतीस तर मी मेलेलाच ऱ्हायलो असतो. तू खाली बसलास. खाटंच्या पायाशी, मांडी घालून, गावाकडं तोंड करून. मनीषला म्हणलास, "चालू द्या साहेब. मी बसतो मयताजवळ." आन् बसलास! उरलेला अंक आन् पुढचा सगळा अंक. एका बाजूला कुशाबा मेलेला, पायाशी भादरलेल्या डोक्याचा भाऊ, आन् मधे ती विनोदी नाटकाची वाक्यं. लोकं हसत बी होती आन् डोळे बी पुसत होती. शेवटाला खुनी निघाला डॉक्टर, त्याचं कुणाला काय सोयरसुतक न्हवतं. पडदा पडला तसा मी उठलो आन् तुझ्या डोक्यावर हात ठेवला. गुळगुळीत. आपल्या बाबांचं डोकं असंच होतं. तू म्हणलास, "केस उगवायला आता दोन महिने लागतील, भरून दे." आन् मग दोघं मिळून असे हसलो की उज्वला विंगेतनं धावत आली, ह्यांना काय झालं म्हणून.

जेवताना तू सगळं सांगितलंस. शनिवारी दुपारी दहाव्याचा वार इचारायला पौडाला गेलास तर अण्णासाहेब उतरलेले, आन् खालची पट्टी मोकळी. खून कुणी केला, विनोदी नाटक. तू रस्त्याच्या कडंला बसून हसलास, मग रडलास, मग तुला इतका राग आला की मिळंल त्या गाडीनं निघालास. उज्वलाला इचारलंस, "वैनी, तुमचा फोन लागत न्हाई तीन दिवस. शुभांगीनं केला होता, कुणी उचलला आन् कट झाला." उज्वला म्हणली, "पिपात पडला भावजी, तांदळात ठेवलाय." तू म्हणलास, "असू दे, नशीब आमचं." मी खाली मान घालून भाकरी कुस्करत होतो.

मग ताट बाजूला सारलंस आन् म्हणलास, "दादा, मी तुझं पत्र परत धाडलं, माझं चुकलं. काय काय लिहिलं होतंस? सगळी दे, वाचतो." मी म्हणलो, उद्या धाडतो, लावून ठेवतो. आन् निजायला गादी घालताना तू माझ्याकडं न बघता इचारलंस, "आता तर काय ऱ्हायलं न्हाई ना रं लपवलेलं?"

मी म्हणलो, "न्हाई रं."

अकरा वर्षांनी तू माझ्या घरात झोपलास. घोरत होतास. मी उजाडंपतुर तुझ्याकडं बघत बसलो. एका अंकापुरतं खरं बोललो आन् लगेच खोटं बोललो. सकाळी गाडीत बसताना तू माझ्या पाया पडलास. पाया पडताना तुझं ते भादरलेलं डोकं दिसलं आन् मी परत गप.

आता पत्रं लावायला बसलो. मंगळवारचं, रविवारचं, बुधवारचं. पयल्यात आंबाबाईचं खोटं लिहिलंय, ते असू दे, त्याचा निकाल काल गावापुढं लागला. ही तीन पत्रं धाडली आन् हे चौथं मागं ठेवलं तर कुणाला काय कळणार न्हाई. गुरुवारचा कागद मी काढला, चुलीपतुर नेला. जाळ बघितला. उज्वला म्हणली, "काय जाळताय?" म्हणलो, काय न्हाई. "काय न्हाई," हे मी ह्या घरात किती येळा म्हणलोय!

तू दोन दिवस उपाशी होतास, राजू, आन् ते मला ठाऊक होतं. तो कागद वाचून तू परत कदी आला न्हाईस तर तुझं चुकलं असं मी म्हणणार न्हाई. मला लई भ्या वाटतंय. पण तू इचारलंस, आन् मी न्हाई म्हणलो.

ऱ्हायलंय. गुरुवारचा कागद बी पाकिटात हाय.

कुशाबा